ओला रंग

कमिटीच्या तीन बैठका झाल्या एका वाक्यावर.
त्रिवेदीबेन म्हणाल्या, 'अश्लील' लिहा.
जशुभाई म्हणाले, लहान मुलं वाचतील, अर्थ विचारतील.
'चाळे' खानविलकर मास्तरांना उथळ वाटलं.
'प्रेम' तर कोणी सुचवलंच नाही.
शेवटी ठरलं, त्यातल्या त्यात सभ्य:
युगुलांनी अंतर ठेवून बसावे.

किती अंतर, मी विचारलं.
मला मोजून लिहायची सवय.
एक वीत, कोणी म्हणालं. छे, दोन हात.
मग चहा आला.

कारेलीबागेतली ही एवढीशी बाग,
सात बाकं, एक बंद कारंजं,
बाकांना टेकून बुटकी भिंत.
वर गुजराती, खाली मराठी,
दोन्हीचे मिळून बाराशे.

चाळीस वर्षं या दोन लिप्या लिहितोय,
कमिटीला एक गोष्ट सांगितली नाही:
गुजरातीला शिरोरेघ नसते.
अक्षरं सुटी उभी राहतात
प्रार्थनेच्या रांगेतल्या पोरांसारखी.
मराठीला दांडी ओढावीच लागते,
आणि दांडी ओढली रे ओढली
की सगळी खांद्याला खांदा लावून बसतात,
'अंतर'सुद्धा.

मंगळबाजारात एका बांगड्यांच्या दुकानाची पाटी
मी अकरा दिवस रंगवली होती.
काम दोन दिवसांचं.
गल्ल्यावर विजू बसायची.
'पेंटर, तुमचा काना वाकडा आलाय.'
आला नव्हता. मी पुसून पुन्हा काढला.
दुसऱ्या दिवशी वेलांटी.
मग अनुस्वार, तो म्हणे फार मोठा, टिकलीएवढा.
नवव्या दिवशी तिच्या काकांनी ऐकलं,
आणि मुलगी परक्यांशी हसते, थिल्लर आहे,
हे संध्याकाळच्या आत दांडियाबाजारात पोचलं.
शिडीवर उभा राहून हसणारा मी
कोणालाच थिल्लर दिसलो नाही.
दहाव्या दिवसापासून गल्ल्यावर काका.
त्यांना माझा एकही काना वाकडा वाटला नाही.

लग्न झालं आमचं, पुढे, रीतसर, पत्रिका जुळवून.
अजून ती चारचौघांत हसताना
तोंडापुढे पदर धरते.

आज दुपारी मराठी ओळ संपली.
'रंग ओला आहे' असं खडूनं लिहायला खडू शोधतोय,
तोवर दोघं येऊन बसलीसुद्धा.
मधे तिची बॅग, अगदी नियमाप्रमाणे.
ती काहीतरी म्हणाली,
तो मागे रेलून खो खो हसला,
आणि उठला तेव्हा पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर
निळं, उलटं, ठळक: अंतर.

'मम्मी जीव घेईल,' तो म्हणाला. चांगला पंचविशीचा असेल.
मी टर्पेंटाइन दिलं, चिंधी दिली.
माझे हात रंगानं बरबटलेले.
म्हटलं, ताई, तुम्हीच घासा,
आणि एक हात आतून लावा कापडाला,
नाहीतर डाग पसरतो.
खोटं नाही सांगितलं. पसरतोच.

रमणभाई चौकीदार शिट्टी तोंडात धरून आला.
'शुं चाले छे?'
डाग काढतायत, मी म्हटलं.
तो उभा राहिला. भिंत वाचली,
मग पाठ वाचायला लागला.
ती घासत होती, कान लाल झालेले,
तो पोरगा कारंज्याकडे बघत होता
जणू त्यात पाणी आहे.
शेवटी शिट्टी तोंडातून काढून रमणभाई म्हणाला,
'बेन, पेलो र रही गयो.'

ती गेली तेव्हा शर्टावर फिकट निळं काहीतरी उरलं होतं,
भिंतीवरही तेवढंच.

रात्री जशुभाईंचा फोन. झाली का पाटी?
म्हटलं, एक शब्द पुन्हा काढावा लागेल.
किती वेळ?
अकरा दिवस धरा.

आत विजू भांडी घासत होती.
आवाज थांबला.